साठीपुढचं रिकामं घर

सातारा,
९ जून २०२४

चि. नूरीन,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन आला तेव्हा तुझी शालू काकू म्हणाली, "सर बोलत न्हाईत, लिवत्यात." ते तू हसण्यावारी नेलंस, पण आता तेच खरं आहे. गेल्या वर्षी स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून बोलायचं म्हणजे लिहायचं. मोबाईलवर माझी बोटं एकाच वेळी तीन अक्षरांवर पडतात, म्हणून कागद. कराडच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवताना मी जी बडबड केली, ती ऐकून देवालाच कंटाळा आला असावा.

तुला सवय आहे म्हणून विचारत नाही, सरळ गणित घालतो. ओळखीच्या एका डॉक्टरांनी एक छोटं कोष्टक दिलं आहे. एका दुर्मिळ गाठीचे चौदा रोगी. सगळ्यांची गाठ एकदा काढली होती आणि ती परत आली. त्यातल्या पाच जणांवर दुसऱ्यांदा मोठं ऑपरेशन केलं. पाचातले दोन वर्षभरापेक्षा जास्त जगले. उरलेल्या नऊ जणांवर ऑपरेशन केलं नाही, फक्त दुखू नये एवढं पाहिलं. त्यांच्यातलं वर्षभर कोणी जगलं नाही.

म्हणजे चार घरांचं कोष्टक (कोष्टकातल्या चौकटीला मी घर म्हणतो, ते विसरली नसशील). एका घरात शून्य. डॉक्टर विचारतात, यातून काही म्हणता येतं का? तुझ्या हॉस्पिटलात रोज असली कोष्टकं येत असतील. बेझच्या रीतीने कर, म्हणजे आधी एक अंदाज धर आणि आकडे बघून तो बदल, आणि आधीचा अंदाज काय धरलास ते लपवू नकोस.

अब्बांना सलाम सांग. शालू म्हणते, नईमच्या लग्नाला आम्हाला विसरू नका.

तुझा,
मानसिंग निकम

*

सांगली,
१८ जून २०२४

आदरणीय सर,

सलाम आणि नमस्कार. पाकिटावर तुमचं अक्षर बघितलं आणि ऑफिसात एकटीच हसले. निवृत्त होऊनही तुमची परीक्षा घ्यायची खोड गेली नाही.

उत्तर लिहिते. जुन्या कसोटीने केलं तर हात हलवत परत यावं लागतं. ऑपरेशनचा काहीच उपयोग नसताना निव्वळ योगायोगाने असं कोष्टक दिसण्याची शक्यता अकरा टक्के निघते. मग आमचे इथले मोठे डॉक्टर म्हणणार, "म्हणजे सिद्ध काहीच नाही," आणि फाईल बंद.

आता तुमची रीत. मला आधी काहीच माहीत नाही असं धरलं, म्हणजे प्रत्येक घरात कल्पनेतला एकेक माणूस आधीच बसवला. वर्गात तुम्ही बाकांवर आम्हालाच बसवून हे शिकवलं होतं. ऑपरेशनवाल्यांत जगलेले दोनाचे तीन झाले, न जगलेले तिनाचे चार. म्हणजे सातात तीन, त्रेचाळीस टक्के. दुसऱ्या ओळीत शून्याचा एक झाला, नवाचे दहा. अकरात एक, नऊ टक्के. शून्य दिसलं म्हणून आपण "कधीच नाही" म्हणत नाही, एवढं त्या कल्पनेतल्या माणसानं केलं. आणि ऑपरेशनवाली ओळ दुसरीपेक्षा बरी असण्याची शक्यता शंभरात शहाण्णव.

तेव्हा डॉक्टरांना सांगा, कोष्टक लहान आहे पण मुकं नाही. ऑपरेशन करा. नाही तरी त्या बिचाऱ्यांचं जायचं काय राहिलंय?

बाकी ठीक. नईमने आटपाडीच्या डाळिंबांचा व्यापार धरलाय. अब्बा म्हणतात, पोरगा गाडीतच राहायला गेला. तुमची तब्येत कशी? संध्याकाळचं फिरणं चालू असेलच.

तुमची विद्यार्थिनी,
नूरीन

*

सातारा,
२ जुलै २०२४

चि. नूरीन,

उत्तर बरोबर. दहापैकी आठ. दोन मार्क कशाचे कापले ते तूच शोध.

फिरणं सध्या बंद आहे. पावसाचं निमित्त. शालू सगळं मिक्सरला लावून पातळ करून देते. काल पुरणपोळीचं तसं केलं. तिच्या हातची पुरणपोळी पेल्यातून घ्यावी लागते, यावर निबंध लिहिता येईल.

आता पुढचा प्रश्न. समज, पंधरावा रोगी दारात आला. कोष्टक, टक्के, सगळं त्याच्या डोक्यावरून जाणार. तो एवढंच विचारतो, "बाई, मी काय करू?" तेव्हा तू आधीचा अंदाज कुठला धरशील? असाच कोरा? की त्याचं तोंड बघून बदलशील?

टाळाटाळ नको. मला तुझं उत्तर हवं आहे, पुस्तकाचं नको.

मानसिंग निकम

*

सांगली,
९ जुलै २०२४

आदरणीय सर,

दोन मार्क कशाचे गेले ते सापडलं नाही. मी तीनदा तपासलं. तुम्ही मुद्दाम कापलेत, पूर्वीसारखे.

पंधराव्याचं उत्तर. त्याचं तोंड बघून मी अंदाज बदलणार नाही. तोंड बघून अंदाज बदलायला लागलो तर आपण आणि पत्रिका बघणारे यांत फरक काय, हे तुमचंच वाक्य. मी त्याला सांगेन, तुमच्यासारखे पाच जण या वाटेने गेले, दोन पार झाले. नऊ जण दुसऱ्या वाटेने गेले, एकही नाही. मी तुमच्या जागी असते तर पहिली वाट धरली असती.

सर, हे लिहिताना मला खूप बरं वाटलं. इथे दिवसभर कुणाच्या तरी प्रबंधासाठी आकडे हवे तसे वाकवून द्यावे लागतात. तुमच्याशी वाद घातला की वाटतं, आपण अजून काहीतरी खरं करतो. आणखी गणितं पाठवा.

पुरणपोळीवरचा निबंध वाचायला आवडेल. काकूंना म्हणावं, घशाची जखम भरली की मिक्सर माळ्यावर टाका.

नूरीन

*

सांगली,
२१ ऑगस्ट २०२४

सर,

नईम काल साताऱ्याच्या मार्केटला गाडी घेऊन आला होता. मी त्याच्याकडे तुमच्यासाठी डाळिंबं दिली होती. तो रात्री परत आला आणि पेटी तशीच माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, "आपा, काकूंनी घेतली नाहीत. म्हणाल्या, ह्यांच्या घशाखालनं पानीसुदीक उतरत न्हाई, नळी घातलीया. गाठ परत आली, मे म्हैन्यात. आपा, तुला ठाऊक नव्हतं?"

मे महिन्यात. म्हणजे पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. पंधरावा रोगी तुम्हीच होतात.

"जायचं काय राहिलंय" असं मी तुम्हाला लिहिलं. हसत हसत लिहिलं. मिक्सर माळ्यावर टाका म्हणाले.

आज सकाळी मी त्या डॉक्टरांचा नंबर काकूंकडून घेतला आणि त्यांना फोन केला. मी त्यांना एकच विचारलं, जे मी जूनमध्येच विचारायला हवं होतं. वयं काय? ज्या पाच जणांवर ऑपरेशन झालं, त्यांतला सगळ्यात मोठा अठ्ठेचाळीस वर्षांचा. साठीपुढचे सगळे दुसऱ्या ओळीत. धडधाकट बघूनच त्यांना ऑपरेशनला निवडलं होतं. ते ऑपरेशनमुळे जगले की मुळातच दणकट होते म्हणून, हे कोष्टकाला माहीतच नाही. दोन मार्क याचेच कापलेत ना?

सर, वयाने कोष्टक फोडलं तर साठीपुढच्या ऑपरेशनच्या घरांत शून्यही नाही. शून्य म्हणजे कोणी गेलं आणि आलं नाही. तिथे कोणी गेलेलंच नाही. ते घर रिकामं आहे. तिथे माझी ती कल्पनेतली दोन माणसं तेवढी बसलीत, एक जगलेलं, एक न जगलेलं. तुम्ही चौसष्ट वर्षांचे आहात. तुमच्यासाठी मी दिलेलं त्रेचाळीस टक्के म्हणजे काहीच नाही. ते मी परत घेते. शहाण्णवसुद्धा परत घेते.

काकू म्हणाल्या, पुण्याला ऑपरेशनची तारीख ठरलीय. जाऊ नका, सर. घरी राहा. मी दर शनिवारी येईन.

तुम्ही मला का नाही सांगितलंत?

नूरीन

*

सातारा,
२६ ऑगस्ट २०२४

चि. नूरीन,

वयाचा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता. त्यामुळे गणित चुकलं असेल तर ते माझं चुकलं. मी दिलेल्या कोष्टकाचं उत्तर तू बरोबरच दिलंस. दोन मार्क खरंच त्याचेच होते. ते आता तुला देतो, दहापैकी दहा.

का सांगितलं नाही, ते लिहितो. या घरात मे महिन्यापासून कोणी माझ्याशी वाद घालत नाही. शालू पदराला डोळे पुसत धीर देते. आमचा पोरगा शिवतेज लडाखहून फोन करतो आणि व्हिडिओत माझ्याकडे बघवत नाही म्हणून बराकीचं छत दाखवतो. त्याला रजा मिळत नाही, त्याचा राग तो स्वतःवर काढतो. डॉक्टर माझ्याकडे न बघता शालूशी बोलतात, जणू आवाजाबरोबर माझे कानही काढले. सगळे चांगले आहेत. पण मला कोणीतरी असं हवं होतं की जे माझ्यासमोर कागदावर तो आकडा मांडेल आणि त्याचा हात थरथरणार नाही.

तुला सांगितलं असतं तर तुझा हात थरथरला असता. बघ, थरथरलाच. २१ तारखेच्या पत्रात तू घरी राहा म्हणतेस, ते कुठल्या आधारावर? रिकाम्या घराबद्दल कोष्टक गप्प आहे, हे तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण मग ते "जाऊ नका"सुद्धा म्हणत नाही. तिथे आधी जे धरू तेच शेवटी हाती येतं. तू भीती धरलीस. मी थोडी आशा धरली. दोघांचं गणित सारखंच बरोबर आहे आणि सारखंच पोकळ.

तुझ्या आकड्यामुळे मी जातोय का? खोटं लिहीत नाही, थोडासा त्यामुळेही. "मी तुमच्या जागी असते तर पहिली वाट धरली असती," हे वाक्य मी पुष्कळदा वाचलं. पण मूळ कारण वेगळं आहे. नळीतून पोट भरतं, पण रात्री श्वास अडकतो. तेव्हा शालू उठून माझ्या गळ्याच्या भोकाशी कान लावून बसते. तिला झोप नाही. आणखी चार-पाच महिने तिने असं ऐकत बसावं आणि एके रात्री ऐकू येऊ नये, हे मला नको आहे. पुण्याला जे व्हायचं ते परक्यांच्या हातून होईल.

हे तिला सांगू नकोस. तिला वाटतं, मी बरा व्हायला चाललोय.

जायच्या आधी एकदा येऊन जा. रडायचं असेल तर बसस्टँडवर रडून ये. वाद घालायला कागद भरपूर आणून ठेवलेत.

मानसिंग निकम

*

सातारा,
१४ ऑक्टोबर २०२४

नूरीन पोरी,

शालू काकूचा आशीर्वाद. मला लिवाय येतं, पन लय वरसं कुनाला लिवलं न्हाई. चुकलं तर समजून घे. फोनवर माज्यानं बोलवत न्हाई.

तू मातीला आलीवतीस ते मी बघितलं. बायकांच्या घोळक्यात मागं हुबी व्हतीस. तुला जवळ घ्यावं म्हनलं, पन मला उठाय हुईना. शिवतेज दुसऱ्या दिवशी आला. पोराला बाचं तोंडबी दिसलं न्हाई.

आता समद्यांचं येनंजानं थांबलंय तर तुला सगळं सांगते. ऑपरेशन लय टाईम चाललं. डॉक्टर भाईर आलं आनि म्हनलं, झालं चांगलं. मी पेढं आनाय मानूस धाडला. दुसऱ्या दिवशी ह्यास्नी शुद आली. मला वळखलं. हातानं खुना केली, पेल्याची. च्या पायजे म्हनून. नर्स म्हनली, आजी, थेंबबी द्याचा न्हाई. मी ह्यास्नी म्हनलं, आवं घरी गेल्याव देते, आलं घालून देते. त्यांनी मान हलवली. मग ताप चढला. मग रगात फुटलं आत. मग पुन्ना न्हेलं आत, ते तसंच.

आल्याचा च्या द्याचा ऱ्हायला माजा.

तू आलीवतीस त्या दिवशी तुमी दोघं कागदावर भांडत व्हता, तवा मी दारात हुबी ऱ्हाऊन बघत व्हते. म्हैनाभरात पयल्यांदा ह्यांचं तोंड उजळलंवतं. मला त्यातलं काय कळत न्हाई, पन तू आलीस ते लय बरं केलंस. ते मनात ठीव.

आता एक इचारते. मला ह्यांनी सांगितलं, बरा व्हाय चाललोय. मी म्हनलं, चला. मीच पिशवी भरली. समदी म्हनत्यात देवाची मर्जी. जाऊबाई म्हनती, तेवडंच आयुष्य व्हतं. पन पोरी, तू आकड्यातलं शिकल्याली हायस. डॉक्टराकडचा तो कागद तू बघितलायस. मला सांग, मी पिशवी भरलीच नसती, घरातच ठेवलं असतं, तर त्यांनी दिवाळी बघितली असती का?

धीर द्याला लिवू नगं. धीर देनारी लय हायत हितं. ह्यास्नी जसं खरं लिवायचीस तसं मला लिव.

शालू काकू

*

सांगली,
२० ऑक्टोबर २०२४

काकू,

तुमचं पत्र येऊन तीन दिवस झाले. आधी एक उत्तर लिहिलं ते फाडलं, कारण त्यात मी धीर देत होते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डॉक्टरांना परत फोन केला. ज्या नऊ जणांवर ऑपरेशन केलं नाही, ते गाठ परत आल्यावर किती दिवस होते, ते त्यांनी बघून सांगितलं. नवातले सात जण सहा महिने पार करून गेले. सरांची गाठ मे महिन्यात परत आली. सहा महिने म्हणजे दिवाळी. सरांच्या रीतीने मांडलं तर अकरात आठ येतात. म्हणजे घरी राहिले असते तर सरांनी बहुतेक दिवाळी बघितली असती. नक्की नाही, पण बहुतेक.

हे पानही मी फाडणार होते. पण तुम्ही खरं मागितलंत.

आता दुसरं खरं. त्या सात जणांची दिवाळी कशी गेली, तेही मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, शेवटचे दोन महिने त्यांना श्वास पुरत नव्हता. घरची माणसं आळीपाळीने जागायची. काकू, सरांना हे माहीत होतं. ते फक्त बरं व्हायला पुण्याला गेले नव्हते. तुम्ही रात्ररात्र त्यांच्या गळ्याशी कान लावून बसायचात, ते त्यांना सोसत नव्हतं. एके रात्री तुम्ही ऐकत असाल आणि काही ऐकू येणार नाही, हे त्यांना नको होतं. तुम्हाला सांगू नकोस असं त्यांनी मला लिहिलं होतं. मी त्यांचं ऐकणार नाही. पिशवी तुम्ही भरली नसतीत तर त्यांनी स्वतः भरली असती.

आणि त्यांना जायला माझाही हात लागला. मी त्यांना ओळखलं नाही आणि फटकन लिहून मोकळी झाले की मी असते तर गेले असते. ते वाक्य त्यांनी पुष्कळदा वाचलं, असं त्यांनीच लिहिलं. तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत. रागावलात तर मला जास्त बरं वाटेल.

परवा डॉक्टरांनी नवीन कोष्टक पाठवलं. इस्लामपूरचे एक सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ आहेत, त्यांची गाठ परत आलीय. त्यांची मुलगी विचारतेय, ऑपरेशन करायचं का. साठीपुढच्या ऑपरेशनवाल्यांच्या ओळीत आजवर कोणी नव्हतं. आता एक आहे. "ऑपरेशन केलं, वर्षभर जगले नाहीत," या घरात मला एक लिहायचा होता. सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि दुपारपर्यंत मला तो एक लिहिता आला नाही. शेजारच्या टेबलावरची रेश्मा म्हणाली, "दे, मी भरते." मी दिला नाही. शेवटी मीच लिहिला. मग सगळं नव्याने मांडलं आणि त्या मुलीला फोन करून सांगितलं, तुझ्या वडिलांच्या वयाचं एकच माणूस त्या वाटेने गेलंय, आणि ते राहिलं नाही. त्या एकावरून मी तुला फार काही सांगू शकत नाही. पण तुझ्या आईला आधी विचार, आणि वडिलांना एकटं ठरवू देऊ नकोस.

ती म्हणाली, "ते कोण होते, मॅडम?"

मी म्हणाले, "माझे सर." मग तिनेच फोन ठेवला.

शनिवारी अब्बा आणि मी येतोय. अब्बांना सरांसाठी दुवा मागायचीय, तुमची परवानगी असेल तर. जेवायला काही करू नका, मी भाकरी बांधून आणते. शिवतेजची रजा संपली असेल, म्हणून रात्री मी तुमच्याजवळच राहीन.

तुमची,
नूरीन